पन्नाशीत अडथळ्यांची शर्यत : डॉक्टरांच्या प्रतिक्रियेला उत्तर

डॉक्टर, नमस्कार.

पन्नाशीत घोड्यांच्या अडथळा-शर्यतीत उतरण्याबद्दलच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया परखड आहे, आणि ती एका अक्षराचाही फेरफार न करता तशीच ठेवली आहे. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही अस्थिरोगतज्ज्ञ आहात, मोडकी हाडं रोज बघता. ताशी तीस मैलांनी धावणाऱ्या घोड्यावरून सव्वाचार फुटी अडथळे ओलांडण्याची माहिती पन्नाशीच्या लोकांसाठी लिहिणं तुम्हाला बेजबाबदार वाटतं. जॉकी पोरवयातच घडतो, हौशा-गवशांचं ते काम नव्हे. व्हिक्टोरिया पेंडल्टन या ब्रिटिश सायकलपटूचं उदाहरण दिशाभूल करणारं आहे. आणि या सगळ्यात घोड्याला कोणी विचारत नाही, असं तुमचं म्हणणं. शिवाय इंग्लंडमध्ये लेस्टरला राहणारे तुमचे ५१ वर्षांचे मेव्हणे लेख वाचून पेटले आहेत. माझ्या मते खरी तक्रार ही शेवटची! म्हणून उत्तरही मेव्हण्यांना डोळ्यांपुढे ठेवूनच देतो.

पेंडल्टनबद्दल तुमचं म्हणणं बव्हंशी मान्य. २०१५ साली तिने जवळजवळ शून्यातून घोडेस्वारी सुरू केली आणि मार्च २०१६ मध्ये चेल्टनहॅम रेसकोर्सवरच्या फॉक्सहंटर या हौशी स्वारांच्या अडथळा-शर्यतीत पाचवी आली. पण ही बाई सायकलिंगची दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं घेऊन आली होती. मांड्यांची अशी ताकद मेव्हण्यांकडे नसणार. दिमतीला पूर्णवेळ प्रशिक्षक होते, आणि तरीही चेल्टनहॅमच्या महिनाभर आधी फेकनमच्या रेसकोर्सवर ती खोगिरावरून सुटलीच. याहून महत्त्वाचा तिचा घोडा. पाशा दु पोल्देर हा पॉल निकल्स या नामांकित प्रशिक्षकांच्या पागेतला घोडा. त्याने २०१७ आणि २०१८ या दोन्ही वर्षी हीच शर्यत जिंकली, दोन वेगवेगळ्या स्वारांना घेऊन. त्या पाचव्या नंबरात घोड्याचा वाटा किती होता ते यावरून कळतं. उदाहरण दिशाभूल करतं ते एवढ्यासाठी की लोक ‘एक वर्ष’ लक्षात ठेवतात आणि घोडा विसरतात.

वयाचा मुद्दा मात्र मला तसा पटत नाही. डिक साँडर्स यांनी १९८२ ची ग्रँड नॅशनल, म्हणजे ब्रिटनची सर्वांत प्रसिद्ध अडथळा-शर्यत, ग्रिटार या घोड्यावर जिंकली तेव्हा ते ४८ वर्षांचे होते आणि हौशी स्वार होते. २०२२ ला नोबल येट्सवर जिंकणारे सॅम वेली-कोहेन ३९ चे, तेही हौशीच. टिम ड्युरंट या अमेरिकन गृहस्थांनी १९६८ मध्ये वयाच्या ६८ व्या वर्षी ती शर्यत पूर्ण केली. आता तुम्ही म्हणाल, हे सगळे आयुष्यभर घोड्यावर बसलेले. अगदी बरोबर, आणि माझं म्हणणं तेच आहे. फरक जन्मतारखेने पडत नाही, खोगिरात घालवलेल्या तासांनी पडतो. पन्नाशीत सुरुवात करणाऱ्याकडे ते तास नसतात आणि ते भरून काढायची त्याला घाई असते. ही घाईच तुमच्याकडे पेशंट पाठवते.

मी ग्रँड नॅशनलबद्दल लिहिलंच नव्हतं. विषय होता पॉइंट-टू-पॉइंट, म्हणजे ब्रिटन-आयर्लंडच्या ग्रामीण भागातली हौशी स्वारांची अडथळा-शर्यत. बहुतेक शर्यती तीन मैलांच्या, साधारण अठरा अडथळ्यांच्या. अडथळा म्हणजे बर्चच्या फांद्या गच्च रोवून केलेलं ४ फूट ३ इंचांचं कुंपण. व्यावसायिक जॉकीला इथे बंदी. बक्षीस काहीशे पौंडांचं, घोड्याच्या महिन्याच्या खर्चालाही पुरायचं नाही. आणि जॉकी म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे महालक्ष्मी रेसकोर्सचे पन्नास-पंचावन्न किलोचे स्वार येतात, तसं इथे नसतं. बारा स्टोनच्या शर्यतीत घोड्यावर खोगिरासकट ७६ किलो भार असतो. सत्तर किलोच्या आतबाहेरचा माणूस उपाशी न राहता त्यात बसतो. कमी भरला तर खोगिराखालच्या कापडी कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या घालून वजन पुरं करतात. उतारवयात सुरू करायला हाच प्रकार जमण्यासारखा का, त्याचं हे साधं कारण.

आता नेमकं बिघडतं कुठे ते सांगतो, कारण तुमचा सगळा रोख उडीवर आहे आणि बहुतेक घोळ उडीच्या आधीच झालेला असतो.

शर्यत सहा-साडेसहा मिनिटांची. एवढा वेळ स्वार खोगिरात बसत नाही, आखूड केलेल्या रिकिबींवर गुडघे वाकवून खोगिराच्या वर तरंगत असतो. रायडिंग स्कूलमधल्या लांब रिकिबीच्या बैठकीत हे स्नायू कधी लागतच नाहीत. दोन मैलांनंतर मांड्या थरथरायला लागतात. मग स्वार तोल सांभाळायला लगामावर लटकतो, किंवा गुडघ्यांनी खोगीर आवळून धरतो. गुडघा आवळला की पोटरी मागे सरकते, पोटरी सरकली की टाच वर येते, आणि टाच वर असलेला माणूस घोडा उतरताना जरा अडखळला की थेट त्याच्या मानेवरून पुढे जातो. प्रेक्षकांना वाटतं, घोड्याने पाडला. खरं तर मांड तीन अडथळे आधीच सुटलेली असते.

अडथळ्याच्या तोंडाशी काय होतं तेही बघा. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असतात. अगदी नाकापुढचं आणि नाकाखालचं त्याला दिसत नाही, त्यामुळे उडीच्या जागेचा हिशेब तो काही ढांगा आधीच करून ठेवतो. शर्यतीच्या वेगात एक ढांग साधारण सात मीटरची, सेकंदाला दोन. नवशिक्याला इथे ‘ढांग दिसली’, म्हणजे उडीची नेमकी जागा कळली, असं वाटतं आणि तो शेवटच्या क्षणी टाच मारतो किंवा लगाम एकदम सैल सोडतो. घोडा एक ढांग आधीच उडतो, पोटाने कुंपणावर आदळतो, किंवा गोंधळून एक चोरटं पाऊल जास्त घालून पायथ्यातून उभा उडतो. दोन्हींत स्वाराची वाट लागते. नवशिक्याने ढांग शोधूच नये. लय तीच ठेवायची, पोटऱ्या तंगापाशी (खोगीर आवळणाऱ्या पट्ट्यापाशी) घट्ट, लगाम ताणलेला पण हात स्थिर, आणि एका हाताचं बोट मानेभोवती बांधलेल्या पट्ट्यात. हा पट्टा म्हणजे रिकिबीचा जुना चामडी पट्टा, घोड्याच्या मानेत अडकवलेला. तो घालायची पुष्कळांना लाज वाटते. लगामाला लटकून घोड्याचं तोंड फाडण्यापेक्षा पट्टा धरलेला केव्हाही बरा. उतरताना बोटांतून लगाम सरकू द्यायचा, म्हणजे घोड्याला मान लांबवून तोल सावरता येतो.

पडण्याबद्दल. व्यावसायिक जॉकीसुद्धा त्यांच्या अडथळा-शर्यतींत साधारण पंधरा स्वाऱ्यांमागे एकदा पडतात, तेव्हा पडणं धरूनच चालायचं. ते शिकवता येतं, आणि शिकवतातही. हनुवटी छातीला, हात आत, अंगाचं मुटकुळं, लगाम सोडून द्यायचा आणि मागचे सगळे घोडे जाईपर्यंत हलायचं नाही. हात पुढे टाकला की कॉलरबोन किंवा मनगट गेलंच, हे तुम्हाला मी सांगायला नको. लगेच उठून पळणारा माणूस मागच्या घोड्याच्या बरोबर वाटेत येतो. पडून राहिलेल्याला घोडा शक्यतो टाळतो.

तुमच्या खात्यातलं मी तुमच्या पुढे जाऊन बोलत नाही, पण मेव्हण्यांसाठी माझी यादी अशी: हाडांच्या घनतेची चाचणी, ट्रेडमिलवरचा ईसीजी, डोळ्यांची तपासणी, आणि रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर विषय तिथेच संपला. मेंदूला मार बसला तर डॉक्टरने मोकळं केल्याशिवाय पुन्हा घोड्यावर बसायला तिथे नियमानेच मिळत नाही. पहिल्यांदा उतरणाऱ्याला आधी प्रशिक्षण आणि मूल्यमापनही पार करावं लागतं. पैसे भरले आणि निघाले, असं नाही.

घोड्याला कोण विचारतं, हा तुमचा सर्वांत वजनदार प्रश्न. घोडे मरतात, हे खरं आहे. ते झाकून या खेळाची तरफदारी करू नये. काही बदल झाले आहेत. एक्सेटर विद्यापीठाच्या अभ्यासात घोड्यांना नारिंगी रंग भोवतालच्या हिरव्यातून नीट उठून दिसत नाही असं आढळल्यावर ब्रिटनच्या रेसकोर्सवर अडथळ्यांच्या नारिंगी फळ्या पांढऱ्या करायला घेतल्या. ग्रँड नॅशनलमध्ये २०२४ पासून ४० ऐवजी ३४ च घोडे धावतात आणि पहिला अडथळा ६० यार्ड अलीकडे आणला, म्हणजे घोडे तिथे पोहोचेपर्यंत वेग फार चढू नये. ब्रिटनच्या अडथळा-शर्यतींत चाबूक सातपेक्षा जास्त वेळा वापरला की शिक्षा होते. हे पुरेसं आहे का, यावर तिथेच एकमत नाही. हौशी स्वाराच्या हातात मात्र याहून मोठी गोष्ट असते, ती म्हणजे घोडा थांबवणं. श्वास धापेचा झाला, कान लोंबले, उड्या खाली-खाली यायला लागल्या, की पुढच्या अडथळ्याच्या बरंच आधी बाहेरच्या बाजूला वळवून हळूहळू चालीवर आणायचं. दमलेला घोडा ‘एवढी शेवटची’ म्हणून उडवला की बहुधा तिथेच पडतो. शर्यत पूर्ण केल्याचा फोटो हवा असलेला पन्नाशीचा माणूस या बाबतीत विशीतल्या पोरापेक्षा धोकादायक असतो. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूचा.

तर मेव्हणे. ते आठवड्याला एक तास रायडिंग स्कूलला जातात, असं तुम्ही लिहिलंय. तेवढ्यावर दहा वर्षांतही जमणार नाही. लेस्टरशरमध्ये हा खेळ जुना आहे, तेव्हा जवळपासच्या एखाद्या पॉइंट-टू-पॉइंट पागेत आठवड्यातून तीनदा पहाटे घोडे फिरवायला त्यांनी जावं. पहिले सहा महिने उडी नाही. ओढणारा घोडा दुसऱ्याच्या शेपटीमागे शांत ठेवता येणं, हीच परीक्षा. घरी इक्विसायझर, म्हणजे व्यायामाचा लाकडी घोडा, मिळाला तर उत्तम, नाहीतर आरशासमोर शर्यतीच्या बैठकीत उभं राहायचं. सलग सात मिनिटं हात न टेकता होईपर्यंत नाव नोंदवायचं नाही. मग छोट्या अडथळ्यांवर सराव, मग टीम चेसिंगचा एखादा मोसम. त्यात चौघांचा संघ असतो आणि तिसऱ्या घोड्याची वेळ धरतात, म्हणजे सगळा भार एकट्यावर येत नाही. यात दोन वर्षं सहज जातात. मग घोडा. दहा-बारा वर्षांचा, भरपूर शर्यती पळालेला, कंटाळवाणा वाटावा इतका भरवशाचा. पाच वर्षांचा होतकरू घोडा स्वस्तात मिळतोय म्हणाले, तर त्यांना थांबवायला फोन तुम्ही करा. पहिली शर्यत स्थानिक हंटच्या, म्हणजे घोड्यांवरून शिकारीला जाणाऱ्यांच्या मंडळाच्या, सभासदांची. त्यात घोडे मोजके असतात आणि वेगही बेताचा. सुरुवातीला सगळ्यांच्या मागे आणि बाहेरच्या बाजूला राहायचं, म्हणजे पुढे कोणी पडलं तर वळायला जागा मिळते.

पुण्या-मुंबईहून विचारणाऱ्या इतरांसाठी : आपल्याकडे रेसकोर्सवर सपाट शर्यतीच होतात, त्यामुळे हा खेळ इथे खेळता येणार नाही. पण मांड पक्की करायला आणि शो-जंपिंगची ओळख व्हायला महालक्ष्मीचा अमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. तिथे आखूड रिकिबी मागू नका, आधी लांब रिकिबीवर दुडकी नीट जमवा.