ना कणीस, ना कडबा: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार काका,

ब्रॅकिपोडियम या रानगवतावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, "इथं ज्वारी पोटरीतच वाळतेय आणि तुम्ही परदेशी गवताचं कौतुक करताय. ज्याला ना कणीस ना कडबा, त्याचा सोलापूरला काय उपयोग?" मोहोळकडे कोरडवाहू शेती करणाऱ्याचा हा प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एक गोष्ट आधी कबूल करतो. हे गवत गव्हाच्या गोतातलं, थंडीत वाढणारं. ज्वारीची उन्हातून अन्न बनवण्याची रीतच वेगळी. तिथला गुण उचलून ज्वारीत बसवता येईल असं माझ्या लेखावरून वाटलं असेल, तर चूक माझी. ज्वारीसाठी त्याहून जवळचं गवत म्हणजे राळ्याचा रानटी पूर्वज, सेटारिया व्हिरिडिस.

तरी मी ब्रॅकिपोडियमच घेतलं, कारण त्यात एक गोष्ट लख्ख दिसते. लहानसं गवत, गुणसूत्रांच्या पाचच जोड्या, गव्हाला एकवीस. इराकमधून आलेल्या त्याच्या एका वाणाचा जनुकसंच २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे २०१७ मध्ये ५४ वाणांचे संच एकमेकांशी ताडून पाहिले, तेव्हा सगळ्यांची मिळून जनुकं कुठल्याही एका वाणाच्या जवळजवळ दुप्पट भरली! फरक वागण्यातही आहे: काही वाण कित्येक आठवडे थंडी खाल्ल्याशिवाय फुलोऱ्यावर येत नाहीत, काहींना थोडीच पुरते.

फुलोरा कधी येतो हे आपल्याकडे किती महत्त्वाचं, ते तुम्हाला मी काय सांगणार? रब्बी ज्वारी काळ्या रानात साठलेल्या ओलीवर येते. ओल संपायच्या आत दाणा भरला तर पीक, नाहीतर नुसता कडबा. मालदांडी ३५-१ हे वाण तुमच्या मोहोळलाच, १९३० च्या दशकात, स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेलं. तेव्हा शेतकऱ्यांकडचं सगळं बी एकसारखंच असतं, तर निवडलं कशातून असतं? मला त्या गवतातून एवढंच दाखवायचं होतं. एका वाणात सगळं नसतं, आणि जे वाण पेरायचं सोडलं, त्याच्याबरोबर काय गेलं हे नंतर शोधूनही सापडत नाही.

तुम्ही शेवटी लिहिलंय, वडिलांच्या वेळची दगडी ज्वारी अजून दोन ओळी पेरता. काका, ते बी यंदा वेगळं ठेवा. ती मालदांडीच्या आधी निसवते की नंतर, तेव्हा रानात ओल किती असते, एवढं टिपून मला कळवा. पुढचा लेख त्या दोन ओळींवरच लिहायचाय.