चष्मा घरी राहिला

गेल्या पंधरवड्यात आमच्या भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप गटावर अण्णांनी एक लांबलचक मजकूर टाकला. अण्णा माझे थोरले चुलत भाऊ. चोपडा तालुक्यात त्यांची कापसाची आणि केळीची शेती आहे आणि गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे. त्यांचे म्हणणे असे की, ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता योजनेचा वर्ग गावच्या जिल्हा परिषद शाळेत संध्याकाळी भरतो, निवृत्त गुरुजी एक पैसा न घेता शिकवतात, साठीच्या म्हाताऱ्या नातवाची पाटी घेऊन येतात, पण विशी-पंचविशीतली पोरे पारावर मोबाईल बघत बसतात; त्यांना शिकायचेच नाही, तेव्हा सरकारने त्यांच्यापायी पैसा घालवू नये. या मजकुराखाली सोळा अंगठे उमटले. शिकूनसवरून नोकरीला लागलेल्या माणसांचे सोळा अंगठे!

मला राग आला, आणि श्टुटगार्टमध्ये बसून गावाविषयी येणारा राग जितका सोयीचा असतो तितकाच तो होता. मी लगेच जर्मनीचा दाखला दिला. इथे 2018 च्या पाहणीत 18 ते 64 वयाचे सुमारे 62 लाख लोक असे निघाले की ज्यांना एखादे वाक्य कसेबसे वाचता येते, पण साधा सलग मजकूर वाचता-लिहिता येत नाही. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची मातृभाषा जर्मनच आहे आणि दहांतले सहा जण नोकरीत आहेत. तरी त्यांना कोणी आळशी म्हणत नाही, फोल्क्सहोखशूलेच्या, म्हणजे इथल्या प्रौढ शिक्षण केंद्राच्या, कार्यक्रमपत्रिकेत योग आणि स्पॅनिशच्या शेजारीच त्यांचाही वर्ग छापलेला असतो, असे मी ऐटीत लिहिले. यांतले फार थोडे लोक प्रत्यक्ष वर्गात येतात आणि जर्मन सरकारलाही तोच प्रश्न सतावतो आहे, हे मला ठाऊक होते. ते मी लिहिले नाही.

अण्णांचे उत्तर आले, ‘तुमच्याकडे सगळे चांगलेच असते.’ त्यानंतर त्यांनी आणखी एक मुद्दा मांडला: व्यावसायिक वाहनाच्या परवान्यासाठी असलेली आठवी पासची अट 2019 मध्ये निघाली, तेव्हापासून पोरांना शाळेची गरजच उरली नाही. मुद्दा वरवर बरोबर वाटतो. पण ज्या पोरांविषयी आम्ही बोलत होतो त्यांच्याकडे आठवीचे कागद आहेतच. अडचण त्या कागदांचीच आहे.

अण्णांच्या सालदाराचा मुलगा बावीस वर्षांचा आहे. हे कुटुंब सातपुड्यातले, पावरा. घरात पावरी, शेतात अहिराणी, आणि पहिलीच्या पुस्तकात या दोन्हींपेक्षा वेगळी मराठी. शिक्षणहक्क कायदा 2010 पासून लागू झाला आणि त्यातल्या तरतुदीमुळे आठवीपर्यंत कोणाला नापास करता येत नव्हते. तो वरच्या वर्गात ढकलला जात राहिला, मधले दोन हंगाम आईबरोबर कापूस वेचायला गेला आणि शेवटी दाखला घेऊन बाहेर पडला. सर्वेक्षणात तो साक्षर म्हणून नोंदला गेला आहे. संध्याकाळच्या वर्गात जाऊन बसायचे म्हणजे त्या दाखल्यात काही नाही हे ज्या शाळेने तो दिला तिच्याच ओसरीवर कबूल करायचे, तेही पारावरच्या मित्रांदेखत आणि लग्नाची बोलणी चालू असताना. साठीची म्हातारी ‘अ’ काढायला शिकली की तिचा फोटो निघतो, बावीस वर्षांच्या पोराला मात्र ‘आठ वर्षं शाळेत काय केलंस?’ हाच प्रश्न विचारला जातो.

मागच्या दिवाळीत मी गावी असताना तो वेचणीची वही घेऊन ओट्यावर आला होता. कोणत्या बाईने किती किलो वेचले ते आकडे त्याने न अडखळता सांगितले. हिशेबात तो माझ्यापेक्षा पक्का आहे. नावे वाचायची वेळ आली तेव्हा वही माझ्याकडे सरकवत म्हणाला, ‘दादा, चष्मा घर राही गया.’ त्याला चष्मा नाही. मी नावे वाचून दाखवली आणि नंतर जेवताना हा किस्सा सांगून सगळ्यांना हसवले.

आता जे सांगतो ते गटावर लिहिण्याचे धाडस मला झालेले नाही. इथे आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षी एका सरकारी खात्याचे दोन पानी पत्र माझ्या टपालपेटीत पडले. कार्यालयात माझे काम इंग्रजीत चालत असे आणि जर्मन शिकलो असे मी सर्वांना सांगत असे. ते पत्र सहा आठवडे स्वयंपाकघरातल्या खणात होते, आणि चमचा काढायला खण उघडला की मी नजर दुसरीकडे वळवत असे. अखेर दंडाची सूचना आली तेव्हा ते शेजारच्या आजींकडे नेले आणि म्हणालो, चष्मा घरी राहिला. एकाच जिन्याच्या समोरासमोर आमची दारे आहेत. त्या काही बोलल्या नाहीत, वाचून दाखवले. पुढे मी वर्गाला नाव घातले ते राहत्या भागापासून दूर, एस-बानने, म्हणजे इथल्या लोकल गाडीने, अर्धा तास लागेल अशा ठिकाणी, कारण तिथे ओळखीचे कोणी भेटणार नव्हते.

म्हणून अण्णांना मी एवढेच सुचवले की या पोरांचा वर्ग शाळेत भरवू नका, त्याला साक्षरता वर्गही म्हणू नका. जिनिंगच्या आवारात किंवा केळीच्या पॅकिंगच्या शेडमध्ये पाळी सुटल्यावर तासभर बसवा, पाठ म्हणून वेचणीची वही, औषधाच्या डब्यावरची सूचना आणि बँकेचे संदेश घ्या, आणि तो तास मजुरीत धरा. त्यावर अण्णांनी विचारले, ‘शिकवायला तू येशील का?’ गावी यायला माझ्या हातात वर्षाला तीन आठवडे असतात, त्यातला एक आठवडा सासरचा. मी विषय बदलला.

काल त्या मुलाचा आवाजी संदेश आला: अण्णांनी त्याला माझा नंबर दिला होता आणि शेडमधल्या वर्गाला किती दिवस लागतील असे तो विचारत होता. मी अगत्याने दहा ओळींचे उत्तर शुद्ध मराठीत टंकून पाठवले. निळ्या खुणा उमटल्यावर चूक लक्षात आली. तो संदेश पुसला आणि अहिराणीत बोलायला घेतले, तर दुसऱ्याच वाक्याला मराठी सुरू झाली.