‘3200 फुटांपर्यंत परवानगी लागत नाही’ या मेसेजवर विसंबून पाया खोदू नका

नागपूर-वर्ध्याकडच्या प्लॉट खरेदी-विक्रीच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतो आहे: ‘खेड्यात 3200 चौरस फुटांपर्यंत कोणाचीच परवानगी लागत नाही. नमुना 8 पुरे. तपासायला कोणी येत नाही, आलंच तर दंड भरून नियमित होतं.’ भाड्याच्या खोल्या काढू, समृद्धीच्या इंटरचेंजजवळ गाळे बांधू, असं ठरवणारी माणसं यावर भरवसा ठेवून रजिस्ट्री करतात. म्हणून एकेक वाक्य घेऊ.

‘कोणाचीच परवानगी नाही.’ ग्रामविकास खात्याने 2021 मध्ये सवलत दिली ती नगररचनाकाराकडे जाण्यातून. शिवाय 3200 हा आकडा भूखंडाचा आहे, बांधकामाचा नाही. भूखंड 1600 फुटांपर्यंत असेल तर मालकीचे कागद, मोजणी नकाशा, इमारतीचा नकाशा, तो नियमावलीप्रमाणे असल्याचं परवानाधारक अभियंत्याचं प्रमाणपत्र, विकास शुल्क आणि कामगार उपकराची पावती हे सगळं ग्रामपंचायतीत द्यावं लागतं. 1600 ते 3200 असेल तर ग्रामपंचायत कागद पाहून दहा दिवसांत काम सुरू करण्याचं प्रमाणपत्र देते. सामासिक अंतर (हद्दीपासून सोडायची मोकळी जागा), उंची, चटई क्षेत्र (भूखंडाच्या मानाने किती बांधता येतं ती मर्यादा) यांतलं काहीच माफ झालेलं नाही. नगररचना कार्यालयाचा एक फेरा वाचला आणि ती जबाबदारी तुम्ही नेमलेल्या अभियंत्याच्या सहीवर आली, एवढंच.

आणि गाव कुठलं, हेही बघा. हिंगणा, कामठी, मौदा, उमरेड या भागांतली नागपूर महानगर क्षेत्रात येणारी सातशेहून अधिक गावं एनएमआरडीएच्या, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या, नियोजनाखाली आहेत. तिथे नुसत्या सरपंचाच्या सहीवर लेआउटमध्ये इमारत उभी करणं धोक्याचं आहे. ताडोबाभोवती रिसॉर्ट काढायचं तर पर्यावरण संवेदनशील क्षेत्राचे निर्बंध वेगळेच. एनएची, म्हणजे जमीन अकृषिक करण्याची, प्रक्रिया सोपी होत गेली हे खरं, पण एनए महसूल कायद्यातलं आणि बांधकाम परवानगी नगररचना कायद्यातली.

‘नमुना 8 पुरे.’ नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे. घरपट्टी कोणाकडून घ्यायची एवढंच ती सांगते. मालकी सातबारा, आखीव पत्रिका आणि खरेदीखतावरून पाहायची. जमीन भूदानाची, आदिवासी खातेदाराची किंवा भोगवटादार वर्ग 2 ची (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी) निघाली, तर नमुना 8 तुम्हाला वाचवणार नाही.

‘तपासायला कोणी येत नाही.’ मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा येतो. वर्धा, यवतमाळ, अमरावतीची काळी भारी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून हातभर भेगा पाडते. तिच्यावर उथळ पाया घातला की दोन-तीन पावसाळ्यांत भिंती तिरप्या चिरतात, दारं चौकटीत अडकतात. पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. मुरूम फार खोल असेल तर बुडाशी फुगीर केलेले अंडररीम्ड पाइल घालतात, वर बीम बांधतात. हे सगळं जोत्याखाली (जमिनीलगतच्या चौथऱ्याखाली) गाडलं जातं, नंतर दिसत नाही. म्हणून जोते तपासणीची पायरी आहे. सरकारी माणूस आला नाही तर स्वतः पैसे देऊन अभियंत्याला खड्ड्यापाशी उभं करा. भरई पडण्याआधी त्याच्याकडून खोली मोजून घ्या, फोटो काढून ठेवा. ठेकेदार ‘इथं सगळे चार फुटांवरच घालतात’ म्हणाला तर काम थांबवा. त्या खोल्यांत तुम्ही राहणार नाही, भाडेकरूची लेकरं झोपणार आहेत.

‘दंड भरून नियमित होतं.’ गुंठेवारी, म्हणजे मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने पाडलेले प्लॉट, त्यांच्या नियमितीकरणाची मुदत 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या कामांपुरती वाढवली. आज टाकलेला लेआउट त्यात बसत नाही. 17 डिसेंबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने मेरठच्या प्रकरणात स्पष्ट म्हटलं की, काळ लोटला किंवा पैसा गुंतला म्हणून बेकायदा बांधकाम कायदेशीर ठरत नाही. इमारतीवर कर्ज देण्याआधी बँकांनी पूर्णत्वाचा किंवा भोगवट्याचा (इमारत वापरण्यास परवानगीचा) दाखला तपासावा, असंही त्यात बजावलं आहे. म्हणजे नोटीस कधी आलीच नाही तरी, विकायला काढाल त्या दिवशी गिऱ्हाइकाची बँक हा दाखला मागेल.