शार्कुटरी बोर्डाला थीम द्यायचीच असेल तर मुलखाची द्या

डिसेंबर लागला की माझ्या फीडवर शार्कुटरी बोर्डांची, म्हणजे टिकवलेलं मांस, चीज, फळं मांडलेल्या फळ्यांची, रांग लागते. ख्रिसमस ट्रीच्या आकारात रचलेले चीजचे चौकोन, सलामीच्या चकत्या दुमडून केलेले गुलाब. हॅलोविनला तर प्लास्टिकच्या सांगाड्याच्या बरगड्यांत हॅम भरतात (खोटं वाटत असेल तर शोधून बघा). हौसेला मोल नसतं, त्यामुळे त्याबद्दल तक्रार नाही. पण नीट बघितलं तर सगळ्या बोर्डांवर तेच चेडर, तीच ऑलिव्ह्ज, तीच द्राक्षं. थीम काय ती आकारात. चवीला मेला फरक नाही.

शार्कुटरी हा मुळात फ्रान्समधल्या डुकराचं मांस विकणाऱ्यांचा धंदा. फ्रीज नव्हते तेव्हा मीठ लावून, धुरी देऊन, वाळवून मांस टिकवायचं, हे त्यांचं कसब. त्यात चीज, फळं, मध, सुकामेवा घालून फोटोजोगा भरगच्च बोर्ड मांडणं ही अलीकडची, इन्स्टाग्रामने वाढवलेली टूम. गाभा आहे तो टिकवलेल्या अन्नाचा, आणि त्यात आपण कुणाला हार जाणार आहोत? एप्रिल-मे आला की गच्चीवर जुन्या साड्या पसरून वाळवणं घालणारी माणसं आपण! तेव्हा एखादा मुलूख धरा, तिथे खारवलेलं, सुकवलेलं, मुरवलेलं काय मिळतं ते मांडा. थीम आपोआप होते.

आमच्याकडे कोकण-गोव्याचा बोर्ड असतो. मानाची जागा गोव्याच्या चोरीसची, म्हणजे डुकराच्या मांसाच्या तिखट-आंबट सॉसेजची. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माळांसारखं टांगलेलं दिसतं ते. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात ठेवा: स्पेनचं मुरवलेलं चोरिथो चकत्या करून तसंच खातात, आपलं गोव्याचं कच्चं असतं. शिजवल्याशिवाय बोर्डावर आणायचं नाही. वरचं आवरण काढायचं, भरपूर कांदा चिरायचा आणि मंद आचेवर त्याच्याच चरबीत परतायचं. तेलाचा थेंबही नको. व्हिनेगरचा वास नाकात चढला, कडेने लाल तवंग सुटला की थोडा वेळ झाकण ठेवून नीट शिजू द्यायचं. मग गरम वाटीत, शेजारी पोईचे, म्हणजे गोव्याच्या पावाचे, कडक भाजलेले तुकडे. प्यायला नाशिकची किंचित गोडसर शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन, ती या तिखटाला बरोबर आवरते.

पण माझी लाडकी जोडी वेगळीच आहे. स्पेनमध्ये मँचेगो या मेंढीच्या दुधाच्या चीजबरोबर क्विन्स नावाच्या फळाची घट्ट, गोड वडी देतात. खारट चीज आणि आंबटगोड फळ, एवढंच त्यातलं गुपित. ते काम आपली आंबापोळी झकास करते. मँचेगोच्या शंभर ग्रॅमचा भाव ऐकून घाम फुटत असेल तर भारतात बनलेलं कुठलंही जुनं, कडक, खारट चीज आणा. पातळ काप, त्यावर तेवढ्याच मापाची आंबापोळीची पट्टी. फणसपोळीही चालते, फक्त ब्लू चीजच्या जवळ नेऊ नका. दोघांचे वास एकमेकांच्या उरावर बसतात.

बाकी मग वसईची सुकेळी, वेंगुर्ल्याचे काजू, पोह्याचे पापड, आणि बाटलीतल्या परदेशी काकड्यांच्या जागी खारातली कैरी. सुकटाची चटणीही ठेवते, पण झाकणाच्या वाटीत. सोसायटीत राहायचं आहे.

मांडायला पोळपाट उत्तम. बसायचा पाट नको. त्याला व्हार्निश असतं, शिवाय घरातलं कुणीतरी ज्येष्ठ "बसायच्या पाटावर वाढता होय?" म्हणणारच. आधी वाट्या, मग चीज, मग मांस, मग फळं, आणि सुकामेव्याने फटी बुजवायच्या. पापड-खाकरे पाहुण्यांची लिफ्ट वर येताना, कारण मुंबईच्या हवेत ते बघता बघता सादळतात. चीज अर्धा तास आधी फ्रीजबाहेर काढा, थंडगार चीजला चव नसते. उन्हाळ्यात मात्र एवढा वेळ नको. दोन तासांनंतर उरलंसुरलं मांस आणि चीज बोर्डावर ताटकळत ठेवू नका, मेच्या उकाड्यात तर तासाभरातच उचला. जेवणाआधीचा बोर्ड असेल तर माणशी पन्नास-साठ ग्रॅम चीज पुरतं. आपल्याकडे लोक नंतर बिर्याणीही खाणार असतात.

आता खरा कळीचा मुद्दा, शाकाहारी मंडळींचा. एकाच बोर्डाच्या मधोमध द्राक्षांची भिंत घालून "इकडचं व्हेज" म्हणणं हा शुद्ध अन्याय आहे. बोर्ड दोन, सुऱ्या वेगळ्या, चिमटे वेगळे. बोटांनी उचललं की उष्ट्याचा प्रश्न येतो आणि निम्मे पाहुणे काही न बोलता लांब राहतात. आणि इटलीचं अस्सल पार्मिजानो रेज्जानो चीज शाकाहारी नसतं. ते वासराच्या जठरातलं रेनेट (दूध गोठवणारा पदार्थ) वापरूनच करायचं, असा त्यांचा नियमच आहे. शाकाहारी बोर्डासाठी पाकिटावरचा हिरवा ठिपका बघूनच चीज घ्या.

आणि पार्टी नेमकी मार्गशीर्षातल्या गुरुवारी आली तर? तर उपवासाचा बोर्ड करा, मी गंमत करत नाहीये. साबुदाण्याच्या चिकवड्या, तळलेला बटाट्याचा कीस, रताळ्याचे काप, राजगिऱ्याची चिक्की, खजूर, खारे शेंगदाणे, उपवासाचं लिंबाचं लोणचं. कुरकुरीत, खारट, आंबट, गोड, सगळं जागच्या जागी. चीज उपवासाला चालतं का, ते मात्र ज्याने त्याने आपापल्या सासूबाईंना विचारावं.