पोरांना घेऊन पॅरिसच्या म्युझियमला निघालाय? मग एवढं कराच

परवा राजारामपुरीतल्या एका बारशात युरोपहून परतलेल्या पाहुण्यांची तक्रार अख्ख्या हॉलनं ऐकली. म्युझियममधला गार्ड त्यांच्या लाडक्या पोरावर ओरडला म्हणे. "नुसता हात लावला होता वो त्यानं!" तेव्हा पोराबाळांसह निघणाऱ्या इतर कोल्हापूरकरांची अशी गैरसोय होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

पॅरिसच्या लूव्हर म्युझियमसाठी मंगळवार धरा. त्या दिवशी ते बंद असतं, त्यामुळं गर्दीचा त्रास नाही. पॅरिसचंच ऑर्से म्युझियम आणि फ्लॉरेन्सचं उफिझी यांना सोमवार उत्तम, कारण तेच.

तिकीट आधी काढायचं नाही. ॲम्स्टरडॅमच्या व्हॅन गॉग म्युझियमचं तिकीट फक्त ऑनलाइन मिळतं, तेही ठरलेल्या वेळेचं. असू दे. दारात उभं राहून "ॲडजस्ट करा की साहेब" म्हटल्यावर कोण नाही म्हणणार? आणि १८ वर्षांखालच्यांना फुकट आहे ना, मग त्यांचं बुकिंग कशाला? फुकट असलं तरी पोराच्या नावानं वेळेचं तिकीट काढावं लागतं, हे रांगेच्या पुढच्या टोकाला पोचल्यावर कळलेलं बरं.

वेळ दुपारी दोनची. पोर जेवलेलं, पेंगुळलेलं असलं की कला जास्त भिडते.

सोबत भडंगाचा पुडा हवाच. दालनात खायला बंदी असते, कारण सांडलेल्या कणांवर किडे येतात आणि तेच किडे पुढं लाकूड आणि कापड पोखरतात. पण आपलं भडंग जयसिंगपूरचं, त्याला कसले किडे लागतात!

लूव्हरमध्ये शिरलात की थेट मोनालिसा. वाटेत थांबायचं नाही. चित्र आहे ७७ बाय ५३ सेंटिमीटरचं, बुलेटप्रूफ काचेमागं, पुढं कठडा आणि त्याच्याही पुढं फोन उंचावलेली गर्दी. तुमचं चार वर्षांचं पोर मीटरभर उंचीचं. त्याला तिथं युरोप, अमेरिका आणि कोरियाच्या जीन्सचे मागचे खिसे जवळून बघायला मिळतात. चुकूनही मागं वळू नका. समोरच्या भिंतीवर व्हेरोनेसे या इटालियन चित्रकारानं १५६३ मध्ये पुरी केलेली लग्नाची पंगत आहे, जवळजवळ १० मीटर रुंद. पोराच्या नजरेच्या टप्प्यात तीच येते. मधोमध वाजंत्री, पुढं कुत्री, उजवीकडं रांजणाला नख्या लावणारं मांजर. "कुत्री किती, शोध बघू" म्हटलं तर पोर दहा मिनिटं गप्प उभं राहील. पण त्या दहा मिनिटांत सेल्फी हुकते.

लूव्हरच्याच रिशेल्यू नावाच्या बाजूला काचेच्या छताखाली मोकळी अंगणं आहेत, त्यात भलेमोठे संगमरवरी घोडे. तिकडं उजेड भरपूर आणि गर्दी कमी, म्हणजे जाऊच नका.

आता हात लावण्याचं. जरूर लावू द्या, लहान आहे. बोटाला घाम असतो, घामात मीठ आणि तेल असतं, संगमरवर ते शोषून घेतो आणि डाग आत मुरतो. पण एका बोटानं काय होतंय? लूव्हरला वर्षाला लाखो माणसं येतात आणि प्रत्येकाचं म्हणणं हेच, की एका बोटानं काय होतंय! २०२५ मध्ये रॉटरडॅमला एका लहान मुलानं रोथको या चित्रकाराचं चित्र खरवडलं. त्यावर व्हार्निश नव्हतं, त्यामुळं ओरखडा थेट रंगात गेला. वरचा थर पुसून पुन्हा चढवावा असं तिथं काही नसतंच. आणि हे ऐकून "पोरगं हाय ओ" म्हणत हसणारे आपल्यातच आहेत! २०२४ मध्ये इस्रायलमधल्या हैफाच्या हेक्ट म्युझियममध्ये चार वर्षांच्या मुलाच्या हातून ३,५०० वर्षांचा रांजण पडून फुटला. आत काय आहे ते त्याला बघायचं होतं. म्युझियमनं राग धरला नाही, उलट त्या कुटुंबाला पुन्हा बोलावलं. हा त्यांचा मोठेपणा. तुम्ही त्याला परवाना समजू नका. पोर दोरीखालून जात असताना तुमचा हात त्याच्या मनगटावर पाहिजे. तो कुठं होता? फोनवर! रील निघत होतं! आणि तोंड वर करून गार्डला उद्धट म्हणताय?

उपरोध राहू दे, सरळच बोलतो. पोराला आधी सवय लावा. कोल्हापुरात सीपीआर दवाखान्याजवळच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये आबालाल रहिमान यांची चित्रं आहेत. कोल्हापुरातल्याच ब्रह्मपुरीच्या उत्खननात मिळालेला पोसायडन या समुद्रदेवाचा रोमन ब्राँझ पुतळाही तिथंच आहे. तुमच्यापैकी किती जणांनी तो पाहिलाय? लाखो रुपये खर्चून रोमला जाता, आणि रोमन साम्राज्यातून इथं आलेल्या देवाकडं रिक्षानं जायला वेळ नाही. वीस मिनिटं न्या. हात पाठीमागं बांधायला शिकवा. एकच चित्र निवडा, त्यात काय काय दिसतं ते त्याला सांगू द्या, कंटाळलं की बाहेर काढा. असं चार-पाच वेळा झालं की मग परदेशात. तिथं सकाळी नऊला आत, तासाभरात बाहेर, आणि मग शेजारच्या त्युइलरी बागेत हवं तेवढं पळू दे.

एवढं होत नसेल तर व्हिसाचे पैसे वाचवा आणि रंकाळ्यावर नेऊन भेळ खाऊ घाला.