रडायचं कधी, ते मला सांगू नका

गेले तीन आठवडे माझा एक उद्योग चाललाय. गाजलेला एखादा सीन घ्यायचा, आधी आवाज पूर्ण बंद करून बघायचा, मग डोळे मिटून नुसता ऐकायचा. जुना, नवा, आवडता, नावडता, जो हाताला लागेल तो. घरच्यांनी आता काय चाललंय हे विचारणंही सोडून दिलंय.

सुरुवात एका भांडणातून झाली. एका तरुण मित्राने मला सुनावलं की तुम्ही समीक्षक मंडळी जुने सिनेमे उगाच देव्हाऱ्यात बसवता. मी फणकाऱ्याने म्हटलं, तुमच्या सिनेमांना दोन मिनिटं गप्प बसता येत नाही. बोलून गेले खरी, पण मग वाटलं की तपासून तरी बघावं.

आणि पहिल्याच दिवशी तोंडावर आपटले.

'बायसिकल थीव्हज' (१९४८) लावला होता. डी सिकाचा हा सिनेमा मी किती वेळा पाहिलाय याची मोजदाद नाही. शेवटी बाप स्वतःच सायकल चोरायला जातो, पकडला जातो, लोक त्याला धक्काबुक्की करतात, आणि पोरगा ब्रूनो बापाची खाली पडलेली टोपी उचलून हातात धरतो. सिनेमात याच्याहून मोठं फार थोडं घडलेलं आहे. पण त्याच्या आगेमागे ते पार्श्वसंगीत आहे ना, ते सारखं खांद्यावर हात ठेवून सांगत असतं, बघ हं, आता गलबलून येणार आहे. आवाज बंद केला आणि तोच शेवट दुपटीने लागला. समीक्षकांच्या पंगतीत हे बोलायची सोय नाही. पण माझं मत आता हेच आहे: कॅमेऱ्याला जे कळलं होतं, ते ऑर्केस्ट्राला कळलं नव्हतं.

म्हणजे हा आजार नव्या सिनेमांचा नाही. तो जुनाच आहे, नव्यांनी फक्त आवाज वाढवला.

वाढवला म्हणजे किती, ते 'ओपेनहायमर' (२०२३) मध्ये बघा. अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञावरचा तीन तासांचा सिनेमा, त्यातला बराचसा भाग बंद खोल्यांत माणसं बोलताहेत. कोणी फाइल उलटली तरी खाली व्हायोलिनं अशी घुसळतात की वाटावं, बॉम्ब फाइलमध्येच आहे. काही ठिकाणी तर मला संवादाचा राग यायला लागला, कारण संगीत ऐकू की माणूस ऐकू हे ठरेना. आणि मग चाचणीचा स्फोट होतो. दिग्दर्शक नोलन सगळं बंद करतो. पडदाभर आग, आणि कानात फक्त श्वास. धमाका येतो तो मागाहून, कारण आवाज उजेडाच्या मागेच राहणार. तो सीन अप्रतिम आहे, त्यात वाद नाही. पण माझी तक्रार तिथूनच सुरू होते. या माणसाला गप्प बसता येतं! मग बाकीचा वेळ त्याचा माझ्यावर विश्वास का नाही?

त्या वर्षीच्या ऑस्करमध्ये एक गंमत झाली. उत्तम संगीताचं पारितोषिक 'ओपेनहायमर'ला मिळालं आणि उत्तम ध्वनीचं 'द झोन ऑफ इंटरेस्ट'ला. ध्वनीच्या स्पर्धेत 'ओपेनहायमर'ही होता. सहसा मी ऑस्करचे निकाल मनावर घेत नाही, पण या निकालाला मनातल्या मनात टाळी दिली.

'झोन'बद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण माझ्या या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त हादरा त्याने दिला. आउश्वित्झच्या नाझी छळछावणीचा प्रमुख रुडॉल्फ होस, त्याची बायको, मुलं, आणि छावणीच्या भिंतीला लागून असलेलं त्यांचं घर. फुलझाडं, मुलांना डुंबायला छोटा तलाव, घरात कुत्रा, तान्हं मूल. भिंतीपलीकडची हत्या जोनाथन ग्लेझर एकदाही दाखवत नाही. आवाज बंद करून पाहिलात तर ही एका बागेची वेळ मारून नेणारी फिल्म वाटेल. बाई फुलं दाखवतेय, मुलं पाण्यात खेळताहेत. आता डोळे मिटून तेच ऐका. गोळी. भुंकणं. कुणाचं तरी ओरडणं, अर्धंच. आणि या सगळ्याच्या तळाशी एक सलग घरघर, भट्टीची. मी पाच मिनिटांत डोळे उघडले आणि उठून दिवा लावला.

पण खरी भयंकर गोष्ट वेगळीच आहे. थिएटरमध्ये पहिल्यांदा पाहिला तेव्हा अर्ध्या तासाने मला ती घरघर ऐकू येईनाशी झाली होती. मी बाईच्या डेलियांकडे बघत होते. होसची सासू काही दिवस राहायला येते, लेकीचा थाट पाहून आधी हरखते, आणि मग एका रात्री कोणाला न सांगता निघून जाते. तिच्या कानांना सवय झाली नाही. माझ्या कानांना झाली होती. एखादं करुण व्हायोलिन त्या बागेवर सोडलं असतं तर मी सुरक्षितपणे रडले असते आणि स्वतःला चांगली बाई समजून घरी आले असते. ग्लेझरने ती पळवाट ठेवली नाही.

आता मागे जाऊ. फ्रिट्झ लँगचा 'एम', १९३१, त्याचा पहिला बोलपट. आवाज नुकताच हातात आलेला, त्यामुळे इतर लोक तो उधळत होते. लँगने काय केलं? पार्श्वसंगीत ठेवलंच नाही. शाळेतून न परतलेल्या मुलीला आई हाका मारतेय, एल्सी, एल्सी, आणि पडद्यावर रिकामा जिना, रिकामा पोटमाळा, जेवायच्या टेबलावरची रिकामी ताटली. मग गवतात घरंगळत आलेला चेंडू. मग तारांत अडकलेला फुगा. बस. बाकी खुनी येतो तो शिट्टी वाजवत, ग्रीग या संगीतकाराची एक धून. खुन्याचं काम करणाऱ्या पीटर लोरेला म्हणे शिट्टी येत नव्हती, ती लँगने स्वतः वाजवली. आणि खुनी ओळखला जातो तोही त्या शिट्टीवरून, एका आंधळ्या फुगेवाल्याच्या कानांनी. बोलपटाच्या पहिल्या पिढीतच एवढी समज होती, हे लक्षात आलं की आजचे पाच-पाच साउंड डिझायनरांचे भोंगे ऐकून जरा लाज वाटते. (हो, हे वाक्य पुन्हा जुन्याच्या बाजूने गेलं. असू दे.)

इथपर्यंत माझा सिद्धांत तयार झाला होता: चांगला दिग्दर्शक संगीत काढून टाकतो. 'रिफिफी'ने (१९५५) तर त्यावर शिक्कामोर्तबच केलं. जवळजवळ अर्धा तास चोरी चालते, शब्द नाही, संगीत नाही. वरच्या मजल्याच्या जमिनीला भोक पाडतात, त्यातून मिटलेली छत्री खाली सोडतात आणि खालच्या खोलीत ती उघडतात, पडणारा गिलावा तिच्यात गोळा व्हावा म्हणून. छत्रीत पडणाऱ्या खड्यांचा आवाज ऐकताना तुम्ही चोरांच्या बाजूचे झालेले असता.

आणि मग 'सायको'ने (१९६०) सिद्धांताची वाट लावली. न्हाणीघरातला खून हिचकॉकला बिनसंगीताचा हवा होता. संगीतकार बर्नार्ड हर्मनने तरीही संगीत लिहिलं, हिचकॉकने ऐकलं आणि आपला हट्ट सोडला. त्या किंचाळणाऱ्या तंतुवाद्यांशिवाय तो सीन बघा. नीट कापलेला, हुशार, आणि थोडा कोरडा. म्हणजे इथे संगीतकार बरोबर होता आणि दिग्दर्शक चूक.

मग फरक कशात आहे? याचं उत्तर मला 'पथेर पांचाली'ने (१९५५) दिलं. बाप हरिहर बऱ्याच महिन्यांनी घरी येतो. घर वादळात मोडलंय. तो आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो, आणि शेवटी लेक दुर्गासाठी आणलेली साडी. दुर्गा गेलीय, हे त्याला माहीत नाही. आई सर्वजया ती साडी तोंडाशी धरते आणि कोसळते. तिचा हंबरडा आपल्याला ऐकू येतच नाही. त्या जागी तारशहनाई वाजते, इसराजला कर्णा जोडलेलं ते वाद्य, वरच्या पट्टीत. रविशंकरांचं संगीत. आवाज बंद करून पाहिलं तर बाईचं तोंड उघडं आणि पुढे काहीच नाही. डोळे मिटून ऐकलं तर नुसती एक धून. दोन्ही एकत्र आलं की मगच आईचं रडणं तयार होतं, आणि तेही आपल्या छातीत. हे संगीत मला रडायला सांगत नाही. ते तिच्या वतीने रडतं. तिचा खरा आवाज दिग्दर्शक सत्यजित राय यांनी आपल्यापासून राखून ठेवला, आणि मला ती त्यांची सभ्यता वाटते.

हर्मनही तेच करतो, फक्त तिथे तंतुवाद्यं सुरीच्या वतीने बोलतात.

नव्यांतही हे जाणणारे आहेत. 'पोर्ट्रेट ऑफ अ लेडी ऑन फायर' (२०१९) मध्ये सेलिन सियामा जवळजवळ संपूर्ण सिनेमा संगीताविना काढते आणि अखेरीस विवाल्दी सोडते, तेव्हा पडद्यावरची बाई आणि आपण एकाच वेळी तहान भागवतो. 'ॲनाटॉमी ऑफ अ फॉल' (२०२३) मध्ये नवरा वरच्या मजल्यावर मोठ्याने तेच गाणं पुन्हा पुन्हा लावतो, खाली बायकोची मुलाखत चाललेली असते. संगीत म्हणजे भांडणातलं हत्यार. छान. पुढे जाऊ.

'सैराट'वर (२०१६) मात्र थांबायलाच हवं. (अजूनही पाहिला नसेल तर हा परिच्छेद गाळा, पण मग तुम्ही इतकी वर्षं काय करत होतात?) अजय-अतुलच्या गाण्यांना भरून वाहायची पूर्ण मुभा आहे. परदेशात जाऊन मोठ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेतलेलं ते संगीत, स्लो मोशन, पाखरं, विहीर. बऱ्याच जाणत्या मंडळींनी तेव्हा नाकं मुरडली, मीही थोडं मुरडलं होतं. चूक होती. तो सगळा ऐवज नागराज मंजुळे शेवटच्या काही मिनिटांसाठी साठवत होते. माहेरची माणसं भेटी घेऊन येतात, आर्ची चहा टाकते. आणि मग तिचं लेकरू दारातून आत येतं, बघतं, वळतं, रडत बाहेर चालायला लागतं. लाल पावलं उमटत जातात. आवाज पूर्ण गेलेला. पोराचं रडणंसुद्धा नाही. ज्या सिनेमाने दोन-अडीच तास आपल्याला गाण्यावर पोसलं, तोच आपल्या हातून आधार काढून घेतो. मी पाहिला तेव्हा मध्यंतरापर्यंत शिट्ट्यांनी दणाणलेलं थिएटर इतकं चिडीचूप झालं की शेजारच्या बाईने पदर सावरला, तर तिच्या बांगड्या वाजल्या आणि ती दचकली.

त्या मित्राला मी हे सगळं फोनवर ऐकवलं. तो म्हणाला, म्हणजे शेवटी माझंच खरं. मी म्हटलं, अर्धं. मग 'कोर्ट'चा (२०१४) विषय निघाला. चैतन्य ताम्हाणेचा तो सिनेमा त्याला 'स्लो' वाटला होता. त्यात शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळ्याची सुटी लागते. माणसं निघून जातात, दालनातले दिवे एकेक करून बंद होतात, पडदा काळा होतो आणि तसाच राहतो. खटल्यातले आरोपी शाहीर नारायण कांबळे तुरुंगात आहेत, आणि सुटी लागलीय. धून नाही, पाटी नाही.

मी पाहिला तेव्हा त्या अंधारात पुढच्या रांगेतली तिघं-चौघं सिनेमा संपला म्हणून उठली. एकाने मोबाइलचा उजेड पाडून चपला शोधायला सुरुवात केली. तेवढ्यात पडदा पुन्हा उजळला, न्यायाधीश सहलीला निघालेले. ती मंडळी तशीच उभी राहिली, एक चप्पल पायात, एक बाहेर. शेवटपर्यंत कोणी खाली बसलं नाही.