सोळाव्या वर्षी 'निवृत्ती'? थोडा खुलासा

सांगलीतल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय : 'रिदमिक जिम्नॅस्टिक्समध्ये मुलीचं करिअर सोळाव्या वर्षी संपतं. नियमच आहे. उगाच पैसे घालवू नका.'

रिदमिक म्हणजे रिबन, चेंडू, हूप अशी साधनं घेऊन संगीतावर करायचं जिम्नॅस्टिक्स. त्यात असा नियम नाही. आहे तो नेमका उलटा. ज्या वर्षी मुलीला सोळा पूर्ण होतात, त्या वर्षापासून तिला सीनियर गटात, म्हणजे ऑलिंपिकच्या गटात, उतरता येतं. त्याआधी ती ज्युनियर. वयाची वरची मर्यादा नाही. रशियाची येवगेनिया कानायेवा २००८ मध्ये अठराव्या वर्षी ऑलिंपिक विजेती झाली आणि २०१२ ला बाविसाव्या वर्षी पुन्हा. टोकियो ऑलिंपिक जिंकलेली इस्रायलची लिनॉय अश्रामही बावीसचीच. पॅरिस ऑलिंपिकची विजेती दारिया वारफोलोमेयेव सतरा वर्षांची होती, हे खरं. पण तिच्यामागे रौप्य घेणारी बल्गेरियाची बोरियाना कालेन तेवीसची.

खेळ सोपा आहे असं मात्र कुणी समजू नये. सीनियर मुलीची रिबन सहा मीटर लांब; दीड मिनिटाच्या आत रचना संपवायची, तोवर रिबन सतत हलती हवी. गाठ पडली की गुण गेले.

त्याच मेसेजमध्ये दीपा कर्माकरचा फोटो लावलाय. ती रिदमिकची नव्हेच. २०१६ ला रिओत तिचा चौथा क्रमांक आला तो व्हॉल्टमध्ये, म्हणजे धावत येऊन उपकरणावरून उडी घेण्यात; तो जिम्नॅस्टिक्सचा वेगळा, आर्टिस्टिक प्रकार.

आपल्याकडे मुली सोळाच्या आसपास थांबतात, नाही असं नाही. पण ते दहावीच्या क्लासमुळे. ते नियमाच्या नावावर खपवू नका.